वर्गणी भरली, पण पेटी कोणाची?

मालवण, विशेष प्रतिनिधी

कोकणातल्या भजनी मंडळाची पेटी बहुधा वर्गणीतून आलेली असते. वाडीतल्या प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे रक्कम द्यायची, मुंबईकर चाकरमान्यांनी गणपतीला येताना थोडी अधिक भर घालायची आणि जमलेल्या पैशांतून पेटी, पखवाज व झांजांचे जोड घ्यायचे, ही सिंधुदुर्गातली जुनी रीत आहे. वर्गणी एकदा भरली की पेटी देवळाची होते. पुढच्या वर्षी कोणी वर्गणी दिली नाही म्हणून देवळातली पेटी मुकी झाली, असे कधी घडत नाही.

संगणकावरच्या वाद्यांच्या बाजारात मात्र 'वर्गणी' या शब्दाला निराळाच अर्थ आला आहे. येथे वर्गणी दरमहा भरावी लागते, ती डॉलरच्या हिशेबाने भरावी लागते आणि ती थांबली की वाद्यही थांबते. मिनीमूग, ज्युपिटर-८, डीएक्स-७ अशा जुन्या सिंथेसायझरांचे आवाज जसेच्या तसे काढणारी सॉफ्टवेअर वाद्ये एकरकमी विकत घ्यावीत की मासिक वर्गणीवर वापरावीत, हा वाद गेली काही वर्षे जगभरच्या ध्वनिमुद्रकांत चालू आहे. मुंबई-पुण्याच्या मोठ्या स्टुडिओत हा प्रश्न हिशेबनिसावर सोपवता येतो. पण मालवण, कुडाळ, कणकवलीच्या घरगुती स्टुडिओत एक संगणक, एक कीबोर्ड, दोन मायक्रोफोन आणि भिंतीला लावलेल्या गोधड्या एवढाच संसार असतो. तेथे तो पोटापाण्याचा प्रश्न ठरतो, आणि त्याचे उत्तर शोधताना येथील पावसाळा विसरून चालत नाही.

'कॅसिओ'पासून ज्युपिटरपर्यंत

सिंधुदुर्गाच्या संगीताची मुळे पेटी-पखवाजात आहेत, यात वाद नाही. दशावताराला आजही पेटी, पखवाज आणि झांज एवढे पुरते. डबलबारीच्या भजनात तर बुवांची पेटी आणि पखवाजी यांच्या बळावरच सामना रंगतो. पण याच किनाऱ्यावर गणेशोत्सवात आणि लग्नसराईत बेंजो पार्ट्या वाजतात, ऑर्केस्ट्रा होतात, मालवणी गाणी ध्वनिमुद्रित होतात आणि 'ट्रिकसीन'च्या दशावतारी नाटकांना ध्वनिपरिणामांचीही जोड लागते. तेथे कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड यांचे राज्य आहे. कोणत्याही कंपनीचा कीबोर्ड असला तरी त्याला 'कॅसिओ' म्हणायचे, ही आपल्याकडची जुनी सवय. या सवयीमुळे एक गोष्ट मात्र झाकली गेली. गाण्यातला तो विशिष्ट आवाज कोणत्या यंत्रातून आला होता, हे विचारण्याचे कारण ऐकणाऱ्याला कधी पडलेच नाही.

वाजवणाऱ्याला ते पडते. ऑर्केस्ट्रात फर्माईश येते ती बहुतेक वेळा १९८० च्या दशकातल्या चित्रपटगीतांची. 'डिस्को डान्सर' १९८२ मध्ये पडद्यावर आला, यामाहाचा डीएक्स-७ हा सिंथेसायझर १९८३ मध्ये बाजारात आला आणि त्यानंतरची कित्येक वर्षे हिंदी-मराठी गाण्यांतली घंटांची किणकिण, काचेसारखा पियानो आणि फुगत जाणारे ब्रास हे सारे मूठभर जपानी-अमेरिकी यंत्रांतून निघत राहिले. श्रोत्याला यंत्राचे नाव ठाऊक नसते, पण साध्या कीबोर्डवरच्या ढोबळ 'ब्रास'ने ते गाणे वाजवले तर काहीतरी चुकल्याचे त्याच्या कानाला तत्काळ कळते. जुन्या आवाजांचा हा हट्ट केवळ शौकिनांचा नाही. त्यात सुपारीचे पैसे गुंतलेले आहेत.

योगायोग असा, की सिंधुदुर्ग जिल्हा आणि रोलंड कंपनीचा ज्युपिटर-८ ही दोन्ही १९८१ ची अपत्ये. रत्नागिरीपासून वेगळा होऊन १ मे १९८१ रोजी जिल्हा झाला. त्याच वर्षी ज्युपिटर आला आणि दुसऱ्याच वर्षी तो मुंबईत एका भारतीय ध्वनिमुद्रिकेवर वाजला. हिंदी चित्रपटसृष्टीतील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही रोलंडची तीन यंत्रे घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले आणि एचएमव्हीने ती तबकडी काढली. त्या वेळी ती फारशी कोणी विचारली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर मात्र युरोपातल्या नृत्यसंगीताचे जाणकार थक्क झाले, कारण 'अॅसिड हाउस' म्हणून पुढे गाजलेल्या संगीताच्या काही खुणा तीत कित्येक वर्षे आधीच उमटलेल्या होत्या. चरणजित सिंग २०१५ मध्ये निवर्तले. हा तपशील येथे देण्याचे कारण निव्वळ स्मरणरंजन नाही. २८ वर्षे धूळ खात पडलेले काम पुन्हा उघडून ऐकता आले, ही त्यातली महत्त्वाची बाब आहे. तिचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

मूळ यंत्रे आज मिळवणे ही सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेरची गोष्ट. टीआर-८०८ चे उत्पादन १९८३ मध्येच थांबले. जुनी यंत्रे आता संग्राहकांच्या किमतीला विकली जातात आणि त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत. त्यात आपला किनारा. येथील खाऱ्या दमट हवेत पेटीचे पितळी सूर काळवंडतात आणि पट्ट्या फुगून अडकतात, तेथे चाळीस वर्षांपूर्वीच्या सर्किटांची काय कथा! पेटीचे निदान बरे, कारण खर्ज-नर-मादीचे सूर काढून घासून पुन्हा बसवणारा कारागीर अजून सापडतो. ज्युपिटर दुरुस्त करणारा माणूस जिल्ह्यात शोधूनही सापडायचा नाही.

म्हणून सॉफ्टवेअर. मूळ यंत्रातल्या प्रत्येक सर्किटचे वागणे गणिताने मांडायचे, ते गणित संगणकाकडून सेकंदाला हजारो वेळा सोडवून घ्यायचे आणि तापमानाने सूर किंचित हलणे यांसारखे मूळचे दोषसुद्धा त्यात आणायचे, असा हा खटाटोप आहे. फ्रान्समधल्या ग्रेनोबल येथील आर्टुरिया ही कंपनी १९९९ मध्ये स्थापन झाली आणि तिने याच कामावर आपले नाव मिळवले. मूळ यंत्रांची जनक असलेल्या रोलंडनेही पुढे आपल्याच जुन्या यंत्रांच्या संगणकीय प्रती काढल्या. आवाजाच्या बाबतीत दोघांचीही उत्पादने इतकी पुढे गेली आहेत, की मांडवात डोळे मिटून बसलेल्याला फरक कळणार नाही. वाद आहे तो पैसे कसे घ्यायचे याचा.

बारा महिन्यांचा हिशेब

रोलंडने २०१७ मध्ये 'रोलंड क्लाउड' सुरू केले ते निखळ वर्गणीच्या तत्त्वावर. महिन्याला सुमारे २० डॉलर भरा आणि भांडारातली वाद्ये हवी तेवढी वापरा. २०२० मध्ये कंपनीने योजनेत बदल केला. वर्गणीच्या ३ डॉलरपासून २० डॉलरपर्यंत पायऱ्या केल्या आणि शिवाय एकेका वाद्याची 'आजीव किल्ली' एकरकमी विकण्यास सुरुवात केली. तीन वर्षे वर्गणीचाच पुरस्कार करणाऱ्या कंपनीला विक्रीकडे अंशतः परतावे लागले, हेच पुरेसे बोलके आहे. आर्टुरिया मूळपासूनच विक्रीच्या बाजूची. तिच्या डझनावारी जुन्या वाद्यांच्या संपूर्ण संचाची किंमत ६०० डॉलरच्या घरात राहिली आहे आणि सणासुदीच्या सवलतीत ती बरीच उतरते.

समजा, कुडाळच्या एखाद्या वादकाने २० डॉलरची वर्गणी घेतली. डॉलरला ८५ रुपये धरले, तर महिन्याला १,७०० रुपये. परदेशातून विकल्या जाणाऱ्या अशा ऑनलाइन सेवेवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे रक्कम २ हजारांवर. वर्षाला २४ हजार, पाच वर्षांत १ लाख २० हजार. वर्षाची वर्गणी एकदम भरल्यास सवलत मिळते, पण तरीही कर धरून दरवर्षी २० हजारांच्या आसपास जातात आणि पाच वर्षांत लाखाचा आकडा टळत नाही. याउलट ६०० डॉलरचा संच करासह ६० हजारांच्या घरात पडतो आणि एखादेच वाद्य हवे असेल तर दीडशे-दोनशे डॉलरमध्ये, म्हणजे करासह १५ ते २० हजारांत भागते. या हिशेबाने वर्गणीवाला तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस विकत घेणाऱ्याच्या पुढे गेलेला असतो, आणि त्याच्या हाती काहीही नसते.

या आकडेमोडीत एक वाकडे वळण आहे. वर्गणी डॉलरच्या दराशी बांधलेली असते. २०१७ मध्ये ६५ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २०२५ मध्ये ८५ रुपयांच्या वर गेला. कंपनीने एक सेंटही वाढवला नाही तरी आपल्या वादकाचे भाडे त्या काळात तिसऱ्या हिश्श्याने वाढले. विकत घेणाऱ्याला ही झळ एकदाच लागते.

अर्थात विक्रीची बाजू दिसते तेवढी निर्मळ नाही. संचाची नवी आवृत्ती दर दीड-दोन वर्षांनी येते आणि जुन्या ग्राहकाला ती सवलतीत देऊ केली जाते. न घेतल्यास जुनी चालूच राहते, पण संगणकाची कार्यप्रणाली बदलली की ती किती दिवस चालेल याची हमी नसते. अशा वेळी भरलेली रक्कम ही एक प्रकारे सावकाश घेतलेली वर्गणीच असते. कंपन्यांचेही म्हणणे सरसकट उडवून लावण्यासारखे नाही. विंडोज आणि मॅक दोन्ही दरवर्षी बदलतात, त्यानुसार प्रत्येक वाद्य दुरुस्त करत राहावे लागते आणि हे काम करणाऱ्यांना पगार दरमहा द्यावा लागतो. एकदाच पैसे घेऊन आयुष्यभर दुरुस्ती करून देणारा पेटीवालाही कोणी पाहिलेला नाही.

ज्याला एकाच कामापुरता जुना आवाज हवा आहे, त्याच्यासाठी तर वर्गणीच शहाणपणाची. एखाद्या मालवणी चित्रपटाचे किंवा नाटकाचे संगीत करायचे आहे, त्यात दोन गाणी १९८५ च्या ढंगाची हवी आहेत, तर २ हजार रुपये भरून महिनाभर वाद्य वापरावे, ते पैसे निर्मात्याच्या बिलात लावावेत आणि मोकळे व्हावे. शिकाऊ मुलानेही विकत घेण्याआधी महिनाभर सारे चाखून पाहावे. खोलीही आपण दोन रात्रींसाठी भाड्यानेच घेतो.

पावसाळ्याचे तीन महिने

मुंबईतल्या वादकाचे आणि मालवणातल्या वादकाचे उत्पन्न वर्षाकाठी समान आहे असे क्षणभर मानले, तरी ते सारख्या रीतीने येत नाही. दशावताराचा हंगाम तुळशीच्या लग्नाच्या सुमारास उभा राहतो आणि मे महिन्यात मावळतो. लग्नसराई त्याच काळात. गणेशोत्सव भाद्रपदात. मधले जून, जुलै आणि बराचसा ऑगस्ट कोरडा. कोरडा म्हणजे अर्थातच खिशाने, कारण बाहेर धो-धो पाऊस असतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी असते, किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, पर्यटकांची खोल्या-खानावळींतली गर्दी ओसरते. एकूण बाजारातच पैसा कमी फिरतो आणि त्याचा परिणाम सुपाऱ्या देणाऱ्यांच्या हातावर होतो.

आणि नेमके हेच महिने वादकाच्या निर्मितीचे असतात. बाहेर कार्यक्रम नाहीत, म्हणून घरात बसून नव्या चाली बांधायच्या, गणपतीसाठीची गाणी ध्वनिमुद्रित करायची, पुढच्या हंगामातल्या नाटकाच्या ध्वनिफिती तयार करायच्या. म्हणजे सॉफ्टवेअरची सर्वाधिक गरज जेव्हा असते तेव्हाच वर्गणी भरायला हात आखडता होतो. दरमहा ठरावीक पगार ज्याच्या खात्यात जमा होतो अशा माणसाला डोळ्यासमोर ठेवून ही पद्धत रचलेली आहे. कोकणातल्या घराचे अर्थकारण तसे कधीच नव्हते. येथे मे महिन्यात आगोटीची बेगमी होते. तांदूळ, मीठ, सुकी मासळी, लाकूडफाटा सारे पावसाआधी घरात येऊन पडते आणि मग तीन महिने बाजाराचे तोंड फारसे पाहावे लागत नाही. एकरकमी खरेदी या बेगमीच्या हिशेबात बसते. हंगाम संपताना हातात चार पैसे असतात, तेव्हाच वाद्य घेऊन ठेवायचे.

दुसरा अडथळा तारेचा. वर्गणीचे सॉफ्टवेअर ठराविक काळाने इंटरनेटवरून आपल्या धन्याकडे हजेरी लावते. हजेरी चुकली की ते बंद पडते. एकरकमी घेतलेल्या बहुतेक वाद्यांना परवाना प्रथम नोंदवताना एकदाच इंटरनेट लागते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यालगतून गेले तेव्हा मालवण, देवगड, वेंगुर्ल्यातली कित्येक गावे काही दिवस विजेवाचून होती आणि मोबाइलचे मनोरेही थंडावले होते. तेवढे मोठे संकट दरवर्षी येत नाही, हे खरे. पण पावसाळ्यात फांदी पडून तार तुटणे, दोन-दोन दिवस नेटवर्क नसणे ही येथे बातमी होत नाही. इन्व्हर्टरवर संगणक चालवता येतो, हजेरी लावता येत नाही.

तिसरी अडचण बँकेची, आणि ती फारशी चर्चेत नाही. २०२० पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार नवे कार्ड देशांतर्गत व्यवहारांपुरतेच चालू करून मिळते. परदेशी खरेदीची सोय ग्राहकाला स्वतः मागून घ्यावी लागते. शिवाय १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीला आगाऊ संमती आणि किमान २४ तास आधीची सूचना बंधनकारक आहे. ओटीपीशिवाय वसुलीची मर्यादा आधी ५ हजार रुपये होती, ती जून २०२२ मध्ये १५ हजारांवर नेण्यात आली. ग्राहकाच्या संरक्षणासाठी हे नियम योग्यच आहेत. परंतु त्यांचा परिणाम असा, की २ हजारांची मासिक वर्गणी आपोआप कापली जाऊ शकते, मात्र स्वस्त पडणारी २० हजारांची वार्षिक वर्गणी दर वेळी ओटीपी देऊनच पुढे सरकते. ओटीपी यायला नेटवर्क लागते, आणि खात्यात तेवढी शिल्लकही लागते. पतसंस्थेत खाते असलेल्या वादकाला तर आधी परदेशी व्यवहार चालणारे कार्ड मिळवण्यापासून सुरुवात करावी लागते.

'आजीव' म्हणजे कोणाचे आयुष्य?

वर्गणी बंद पडली तर नुकसान नेमके काय होते? महिनाभर वाद्य वाजवता येत नाही, एवढेच असते तर विषय फार मोठा नव्हता. खरे नुकसान जुन्या कामाचे होते. संगणकावर केलेल्या गाण्याची फाइल म्हणजे गाणे नव्हे. कोणत्या वाद्याने, कोणत्या पट्टीत, किती वेळ काय वाजवायचे याची ती टिपणवही असते. वाद्य कुलूपबंद झाले की वही उघडते, पण त्या ओळीत शांतता असते. समजा, एका नाटक मंडळीसाठी मे महिन्यात राक्षसाच्या प्रवेशाचे संगीत केले, जूनमध्ये वर्गणी थांबवली आणि कार्तिकात मंडळीने दोन ठिकाणी बदल मागितला, तर आधी मागची किल्ली पुन्हा विकत घ्यावी लागेल. चरणजित सिंग यांची तबकडी २८ वर्षांनी वाजू शकली, कारण ती तबकडी होती. ती कोणा कंपनीच्या सर्व्हरवर हजेरी लावणारी फाइल असती, तर २०१० मध्ये ती कशाने उघडली असती?

म्हणून विकत घ्यावे, असे म्हणून येथे थांबता आले असते. पण खरेदीही पुरती खरेदी राहिलेली नाही. अमेरिकेतल्या केकवॉक कंपनीने २०१६ मध्ये आपल्या 'सोनार' या ध्वनिमुद्रण प्रणालीसाठी आजीव सुधारणांची योजना आणली. एकदा पैसे भरा, पुढच्या साऱ्या आवृत्त्या मिळतील. नोव्हेंबर २०१७ मध्ये मालक असलेल्या गिब्सनने केकवॉकचे कामच थांबवले. दीड वर्षाच्या आत 'आजीव' संपले. सिंगापूरच्या बँडलॅबने फेब्रुवारी २०१८ मध्ये ती प्रणाली विकत घेऊन मोफत उपलब्ध करून दिली, हे ग्राहकांचे सुदैव. मराठी वाचकाला या प्रकाराचे फारसे नवल वाटू नये. नियतकालिकांचे आजीव वर्गणीदार होण्याची परंपरा आपल्याकडे मोठी आहे आणि त्या दोघांपैकी कोणाचे आयुष्य धरायचे, हे मासिक बंद पडल्यावरच कळते.

अॅपलने २०१९ मध्ये 'कॅटलिना' आणले तेव्हा ३२ बिटची सारी जुनी सॉफ्टवेअरे एका रात्रीत निरुपयोगी झाली. त्यात रोख पैसे मोजून घेतलेली वाद्येही होती. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि घरगुती स्टुडिओतल्या अनेक जुन्या संगणकांना विंडोज ११ चालतच नाही. तरीही फरक उरतो. विकत घेतलेले वाद्य जुन्या संगणकावर, इंटरनेटची तार काढून, पुढची दहा वर्षे चालवता येते. वर्गणीच्या वाद्याबाबत हा मार्ग मुळातच बंद असतो. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमला आपल्या स्टुडिओत बंदी केली आणि ती १९७१ पर्यंत शिथिल झाली नाही. त्या काळात या किनाऱ्यावरच्या देवळांतल्या पेट्या रोज रात्री वाजतच होत्या, कारण त्यांचा भाता मंडळाच्या हातात होता.

ग्राहकांनी आवाज उठवला तर काय होते याचेही उदाहरण आहे. ध्वनिसंस्करणाची प्लगइन बनवणाऱ्या इस्रायलच्या वेव्हज कंपनीने मार्च २०२३ मध्ये एकरकमी विक्री बंद करून फक्त वर्गणी ठेवण्याचे जाहीर केले. जगभरातून इतका संताप व्यक्त झाला, की काही दिवसांतच विक्री पूर्ववत करावी लागली. अॅडोबीने २०१३ मध्ये हाच निर्णय घेतला तेव्हा मात्र तो टिकला, कारण छपाई आणि छायाचित्रणाच्या धंद्यात तिला पर्यायच नव्हता. जुन्या सिंथेसायझरांच्या बाबतीत पर्याय भरपूर आहेत, हे वादकांचे बळ आहे.

हप्त्याची वाट

या वादात 'भाडे की खरेदी' असे दोनच रस्ते मांडले जातात. तिसरा रस्ता आपल्या ओळखीचा आहे, तो हप्त्याचा. अमेरिकेतल्या स्प्लाइस या कंपनीने २०१६ मध्ये 'सीरम' हा सिंथेसायझर अशा पद्धतीने देऊ केला. त्याची किंमत १८९ डॉलर. महिन्याला १० डॉलरच्या आसपास भरायचे आणि सारी किंमत फिटली की वाद्य कायमचे आपले. मध्येच हात आखडला तर हप्ते थांबवायचे, तेवढा काळ वाद्य बंद राहते, पण भरलेले पैसे वाया जात नाहीत. पुन्हा सुरू केले की मागच्या आकड्यापासून पुढे मोजणी होते. सीरम हे जुन्या यंत्राची नक्कल नव्हे, पण पद्धत महत्त्वाची आहे. नोव्हेंबर ते मे हप्ते भरायचे आणि पावसात थांबवायचे, असा वर्षाचा ठेका तीत बसतो. अर्थात पावसात वाद्य बंद, ही खोट तीतही उरते. पण ती दोन-तीन पावसाळ्यांपुरतीच असते, कायमची नाही. जुन्या वाद्यांच्या कंपन्यांनी ही सोय सर्रास द्यावी, अशी मागणी भारतातल्या वादकांनी आणि विक्रेत्यांनी लावून धरायला हरकत नाही. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते वर्गणी स्वस्त करा म्हणण्यापेक्षा ही मागणी अधिक पदरात पाडणारी आहे.

आणखी एक रस्ता तर फुकटचा आहे आणि तो वापरला जात नाही याचे आश्चर्य वाटते. 'डेक्स्ड' हे मुक्त सॉफ्टवेअर डीएक्स-७ चे आवाज काढते, एवढेच नव्हे तर मूळ यंत्रासाठी बनवलेल्या आवाजांच्या फाइलीही उघडते. १९८० च्या दशकातल्या गाण्यांतला तो काचेसारखा पियानो हवा असेल, तर एक रुपयाही खर्च करावा लागत नाही. 'सर्ज' हा एकेकाळी विकला जाणारा सिंथेसायझर २०१८ मध्ये त्याच्या निर्मात्याने मुक्त केला आणि तेव्हापासून स्वयंसेवक त्याची देखभाल करत आहेत. धंद्यातून निवृत्त झालेले वाद्य मरू न देण्याची ही रीत केकवॉकच्या 'आजीव' वचनापेक्षा भरवशाची ठरली.

चोरवाटेबद्दल न बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या घरगुती स्टुडिओंबद्दल आपण बोलत आहोत, त्यांतल्या अनेकांत वर्गणी आणि खरेदी या दोहोंची खरी स्पर्धा 'क्रॅक'शी असते. कोणीतरी पेनड्राइव्हमधून आणून देतो, चालू होते, विषय संपतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र विषय संपत नाही. स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ६३-ब नुसार चोरीची प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यास किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते. सुपारी घेणाऱ्या वादकाचा वापर धंद्याचाच ठरतो. कायद्यापलीकडे व्यवहाराचाही मुद्दा आहे. अशा प्रतीसोबत विषाणू येतात आणि गणपतीच्या आदल्या आठवड्यात सारा संगणकच बसतो, तेव्हा दाद कोणाकडे मागायची?

तेव्हा ज्याला या मे महिन्यात निर्णय घ्यायचा आहे, त्याने पैसे भरण्याआधी विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात. इंटरनेटशिवाय वाद्य किती दिवस चालते? पैसे थांबल्यावर जुनी गाणी उघडतात का? आणि परवाना दुसऱ्याच्या नावावर करून देता येतो का? तिसरा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, पण कोकणात पेट्या आणि पखवाज बापाकडून मुलाकडे आणि एका मंडळाकडून दुसऱ्या मंडळाकडे जात आले आहेत. काही कंपन्या असे हस्तांतर करून देतात, काही देत नाहीत.

आणि ज्यांनी वर्गणी आधीच घेतली आहे, त्यांनी ती थांबवण्याअगोदर प्रत्येक गाण्यातली प्रत्येक ओळ स्वतंत्र ध्वनिफीत म्हणून काढून दोन हार्डडिस्कवर ठेवावी. त्या साध्या वेव्ह फाइली असतात आणि कोणत्याही संगणकावर वाजतात. एका गाण्याला अर्धा-पाऊण तास लागतो. हे काम पाऊस लागण्याआधी, वीज आणि नेटवर्क धड आहे तोवर, आटोपलेले बरे.